सामायिक शीटमध्ये आधी ओळ ठरवावी, मग रकाने

रावेर तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयातून आपण कळविले आहे की, केळीची कापणी, गाड्या, मजुरांच्या टोळ्या आणि शेतकऱ्यांचे चुकारे (मालापोटी दिलेल्या रकमा) यांचा तपशील आजवर वह्यांत, व्हॉट्सॲपच्या गटांत आणि ज्याच्या त्याच्या संगणकावरील एक्सेल फायलींत विखुरलेला होता. तो एका जागी यावा म्हणून आपण सामायिक गूगल शीट सुरू केली, कार्यालयातील व पॅकहाऊसमधील सर्वांना ती भरण्याची मुभा दिली, आणि थोड्याच काळात तिच्यातील आकड्यांवरचा सर्वांचा विश्वास उडाला. आता पुन्हा वह्यांकडे वळावे, एखादे महागडे सॉफ्टवेअर घ्यावे की हीच शीट सुधारावी, असा आपला प्रश्न आहे.

माझे स्पष्ट मत असे आहे की शीट ठेवावी, पण आज आहे तशी ठेवू नये. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील पॅकहाऊस, जिनिंग आणि ठिबकचे विक्रेते यांच्या कार्यालयांत माहितीची घडी बसवून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. आपल्यासारख्या संस्थेला सामायिक शीट चांगली पुरते, असा माझा अनुभव आहे. मात्र शीट सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी ठरलेल्या असाव्या लागतात. तिच्यातील एक ओळ म्हणजे नेमके काय, आणि ती ओळ लिहिण्याची जबाबदारी कोणाची, या त्या दोन गोष्टी होत. बहुतेक कार्यालयांत सुरुवात रकान्यांपासून होते: शेतकऱ्याचे नाव, गाव, वजन, भाव, गाडी क्रमांक, दिलेली रक्कम, बाकी, शेरा. प्रत्येक जण आपल्याला हवा तो रकाना वाढवीत जातो, आणि ओळ मात्र कधी एका शेतकऱ्याची असते, कधी एका गाडीची, तर कधी एका दिवसाची. आपण पाठविलेल्या वर्णनावरून आपल्याकडेही हेच झालेले दिसते.

केळीच्या व्यवहारात हा घोटाळा फार लवकर उघडा पडतो, म्हणून तो जरा सविस्तर मांडतो. एका शेतकऱ्याच्या दोन-तीन बागा असू शकतात. एक मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली), दुसरी कांदेबाग (पावसाळा सरताना लावलेली), आणि दोन्ही जमिनीच्या वेगवेगळ्या गटांत. एका बागेची कापणी एका दिवसात संपत नाही, घड तयार होतील तशी ती टप्प्याटप्प्याने होते. एका बागेचा माल दोन गाड्यांत जातो, आणि उलट एकाच गाडीत दोन-तीन बागांचा माल भरला जातो. चुकाराही एकरकमी असेल असे नाही. आधी उचल, मग हप्ता, मग अखेरचा हिशेब. हे सारे एका ओळीत बसवायचे म्हटले की ‘गाडी क्रमांक’ या एका चौकटीत स्वल्पविराम देऊन तीन क्रमांक लिहिले जातात, ‘दिलेली रक्कम’ या चौकटीत दोन आकड्यांमध्ये अधिकचे चिन्ह येते, आणि त्या क्षणापासून त्या रकान्याची बेरीज, गाळणी (फिल्टर) व शोध ही तिन्ही कामे बंद पडतात.

म्हणून या माहितीची पाच पाने करावीत. ‘शेतकरी’ या पानावर एक ओळ म्हणजे एक सभासद. ‘बाग’ या पानावर एक ओळ म्हणजे एका हंगामातील एक बाग, आणि तीत गट क्रमांक, लागवडीची तारीख, वाण व झाडांची संख्या असावी. ‘गाडी’ या पानावर एक ओळ म्हणजे एक फेरी. ‘चुकारा’ या पानावर एक ओळ म्हणजे एकदा दिलेली एक रक्कम, मग ती कितीही लहान असो. आणि या सर्वांच्या मध्यभागी ‘कापणी’ हे पान, ज्यावर एक ओळ म्हणजे एक काटापट्टी, अर्थात काट्यावरील एका वजनाची चिठ्ठी. काटापट्टीच्या ओळीत बागेचा क्रमांक असेल आणि गाडीचाही असेल, त्यामुळे एका बागेचा माल किती गाड्यांत गेला आणि एका गाडीत कोणकोणत्या बागांचा माल होता, ही दोन्ही उत्तरे त्याच ओळींतून निघतात. एका गाडीत तीन बागांचा माल असेल तर तीन ओळी लिहाव्यात. ओळी वाढल्या म्हणून बिघडत काहीच नाही. नाव, गाव, फोन हे पुन्हा पुन्हा लिहायचे नाही. क्रमांक दिला की एक्सलूकअप किंवा व्हीलूकअप हे सूत्र नाव आपोआप आणून दाखवते.

सभासद क्रमांकाचा आग्रह मी विशेष धरतो, कारण आपल्या भागात नाव ही ओळख पुरेशी नसते. पाटील, चौधरी, महाजन ही आडनावे गावोगाव आहेत, आणि चिनावल किंवा खिरोद्यासारख्या मोठ्या गावात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही सारखे असलेले दोन सभासद निघणे मुळीच अवघड नाही. त्यात सातबारा आजीच्या नावे, बँक खाते वडिलांचे आणि फोन मुलाचा, अशी घरोघरची स्थिती. कार्यालयात मात्र त्या घराला सगळे ‘नाना’ किंवा ‘आबा’ या नावानेच ओळखणार. माल कोणाच्या नावे आला आणि पैसे कोणाच्या खात्यात जायचे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे ‘शेतकरी’ पानावर एकदाच, नीट विचारून, स्वतंत्र रकान्यांत लिहिलेली असावीत. क्रमांक एकदा दिला की तो बदलू नये, आणि सभासद सोडून गेला तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नये.

आता भरण्याच्या पद्धतीकडे येतो, कारण आकड्यांवरचा विश्वास मुख्यत्वे येथेच उडतो.

आपण लिहिले आहे की गट क्रमांकाच्या रकान्यात मधूनच तारखा दिसू लागल्या. हे कोणी खोडसाळपणे केलेले नाही. गट क्रमांक १२/३ असा लिहिला की शीट त्याला १२ मार्च समजते आणि चालू वर्ष जोडून मोकळी होते. फाईलचे लोकेल, म्हणजे देशानुसार तारखा वाचण्याची सेटिंग, अमेरिकेचे राहिले असेल तर तीच चौकट ३ डिसेंबर होते, आणि ४५/२ मात्र तारीख होऊ शकत नसल्यामुळे जसाच्या तसा मजकूर राहतो. परिणामी एकाच रकान्यात अर्धे मजकूर आणि अर्ध्या तारखा असे मिश्रण तयार होते व शोध लागत नाही. हा दोष इतका जुना आणि सर्वव्यापी आहे की एक्सेल काही मानवी जनुकांच्या संक्षिप्त नावांना तारखा समजत असल्यामुळे, जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये ती नावेच बदलल्याचे जाहीर केले. आपल्याला गट क्रमांक बदलता येणार नाहीत, म्हणून भरायला सुरुवात करण्यापूर्वीच तो रकाना निवडून त्याचे स्वरूप ‘साधा मजकूर’ असे ठेवावे. नंतर स्वरूप बदलल्याने मूळ लिहिलेले परत मिळेल याची खात्री नसते. हाच नियम बँक खात्याच्या क्रमांकाला लावावा, कारण सुरुवातीची शून्ये संख्येत टिकत नाहीत, आणि एक्सेल पंधरा अंकांपुढील अंकांच्या जागी शून्य घालते, त्यामुळे सोळा अंकी खात्याचा शेवटचा अंक नकळत बदलतो. फाईलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन लोकेल भारत आणि वेळ भारतीय प्रमाणवेळ आहे ना, हे आजच पाहून घ्यावे.

दुसरा त्रास मराठीतून भरणाऱ्यांच्या वाट्याला हमखास येतो, आणि डोळ्यांना तो दिसतच नाही. ‘बऱ्हाणपूर’ या शब्दातील ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर वेगवेगळ्या कळफलकांवरून दोन प्रकारे उमटते. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन भिन्न अक्षरमाला असतात. ‘ॲडव्हान्स’मधील ‘ॲ’चेही तसेच: एकाच्या फोनवर ते स्वतंत्र अक्षर म्हणून येते, तर दुसऱ्याच्या फोनवर ‘अ’वर चंद्र देऊन. मग बऱ्हाणपूरला गेलेल्या गाड्या गाळून पाहिल्या की निम्म्याच दिसतात, आणि गाड्या गहाळ झाल्या असा समज होतो. नावापुढे चुकून पडलेली मोकळी जागाही हेच करते. त्यावर शुद्धलेखनाची ताकीद देऊन उपयोग होत नाही. जे शब्द पुन्हा पुन्हा येणार आहेत ते कोणी हाताने लिहूच नयेत. गाव, वाण, बागेचा प्रकार, गाडीचे ठिकाण, रकमेचा प्रकार या सर्वांसाठी ‘यादी’ नावाचे एक लहान पान करावे, डेटा व्हॅलिडेशन या सोयीतून त्याचा ड्रॉपडाउन (निवडीची यादी) लावावा आणि यादीबाहेरचा शब्द नाकारला जाईल असा पर्याय निवडावा. नुसती सूचना दाखवणारा पर्याय निवडला तर लोक ती सूचना ओलांडून पुढे जातात. अंक मात्र सर्वांनी इंग्रजीच लिहावेत. देवनागरी व इंग्रजी अंकांची सरमिसळ बेरजेला घातक ठरते.

वजनाच्या रकान्यात फक्त संख्या असावी. एकक रकान्याच्या शीर्षकात एकदाच लिहावे. ‘८५ क्विं.’ असे लिहिलेली चौकट बेरजेत धरली जात नाही आणि तसे कोणी सांगतही नाही. चौकटी एकत्र जोडणे पूर्ण बंद करावे. रंगाला अर्थ देणेही थांबवावे: हिरवा म्हणजे पैसे दिले, पिवळा म्हणजे बाकी, ही पद्धत फार लोकप्रिय आहे, पण साधी सूत्रे रंग मोजत नाहीत आणि हिरवा कोणी, केव्हा केला हे रंग सांगत नाही. स्थितीसाठी स्वतंत्र रकाना ठेवावा आणि रंग हवाच असेल तर कंडिशनल फॉरमॅटिंगने त्या रकान्यावरून आपोआप येऊ द्यावा.

भावाबद्दल आपण जे विचारले आहे ते महत्त्वाचे आहे. आपल्याकडे ‘आजचा भाव’ अशी एक चौकट आहे आणि सर्व ओळींचा हिशेब तिच्यावरून होतो. त्यामुळे भाव बदलला की मागील आठवड्यात दिलेल्या हिशेबपट्ट्यांचे आकडेही बदलतात. केळीचा भाव रोज बदलणारा असल्यामुळे ही रचना शेतकऱ्याशी वाद ओढवून घेणारी आहे. ज्या दिवशी माल तुटला त्या दिवशी ठरलेला भाव काटापट्टीच्या त्याच ओळीत, सूत्र म्हणून नव्हे तर आकडा म्हणून लिहिलेला असावा. घट किंवा कटती धरत असाल तर तीही त्या ओळीत स्वतंत्र रकान्यात दिसली पाहिजे. वजनातून परस्पर वजा केलेली कटती नंतर कोणालाच समजावून सांगता येत नाही.

कोणी काय लिहायचे याविषयी माझा नियम सोपा आहे: प्रत्येक पानाला एकच जबाबदार व्यक्ती, आणि प्रत्येक रकाना एकाच हाताने भरला जाणारा. काटापट्टी पॅकहाऊसमधील कारकुनाने भरावी, चुकारा लेखापालाने, ‘शेतकरी’ आणि ‘यादी’ ही दोन पाने केवळ व्यवस्थापकाने. इतरांसाठी ती पाने संरक्षित करावीत. हे संरक्षण चुकीने होणारे बदल रोखण्यासाठी आहे, गुपित राखण्यासाठी नव्हे. गूगलच्या मदतपुस्तिकेतही संरक्षण हा सुरक्षेचा उपाय मानू नये असेच म्हटले आहे. लपवलेले पानदेखील फाईलची प्रत काढणाऱ्याला उघडता येते. त्यामुळे पगार, मजुरांच्या उचली आणि सभासदांच्या बँक खात्यांचे क्रमांक यांची फाईलच वेगळी असावी आणि ती मोजक्या लोकांनाच द्यावी. आधार क्रमांक सामायिक शीटमध्ये मुळीच ठेवू नयेत. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत केलेला आहे. पण कायदा नसता तरी ज्या शेतकऱ्याने विश्वासाने आपली कागदपत्रे दिली, त्याच्याप्रती हे कर्तव्य राहतेच. ‘दुवा असणाऱ्या कोणालाही’ ही मुभा आज चालू असेल तर ती लगेच बंद करून एकेकाच्या ईमेलनेच प्रवेश द्यावा, कारण व्हॉट्सॲपवर टाकलेला दुवा कोठवर जातो यावर कोणाचा ताबा नसतो.

फायली वेगळ्या केल्या की इम्पोर्टरेंज या सूत्राने एकीतील माहिती दुसरीत आणण्याचा मोह होतो. येथे एक बारकावा फार थोड्यांना ठाऊक असतो. दोन फायलींमध्ये असा प्रवेश एकदा दिला की ज्या फाईलमध्ये माहिती आणली जाते, तिचा कोणताही संपादक मूळ फाईलमधील कोणताही भाग सूत्र लिहून ओढू शकतो. आपण दाखवलेल्या चार रकान्यांपुरती ती मर्यादा राहत नाही. म्हणून गोपनीय फाईलमधून सर्वांच्या फाईलकडे असा मार्ग कधीही उघडू नये. उलट दिशेने चालेल. तसेच क्वेरी (ओळी निवडून आणणारे सूत्र) किंवा इम्पोर्टरेंजने आलेल्या ओळींशेजारी हाताने शेरे लिहू नयेत. मूळ पानावर मध्ये एक ओळ वाढली की आणलेल्या ओळी सरकतात, शेरे मात्र जागच्या जागी राहतात, आणि एका शेतकऱ्याचा शेरा दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसतो. शेरा लिहायचा तो मूळ पानावरच लिहावा.

‘माझ्या ओळी अचानक नाहीशा होतात’ ही आपल्या सहकाऱ्यांची तक्रार बहुधा गाळणीमुळे आहे. साधा फिल्टर लावला की तो सर्वांच्याच पडद्यावर लागतो. एकाने सावदा गाव गाळून पाहिले की दुसऱ्याला फैजपूर दिसेनासे होते, आणि तो तीच नोंद पुन्हा करतो. प्रत्येकाने फिल्टर व्ह्यू वापरावा, तो इतरांच्या दृश्याला हात लावत नाही.

शेतात नेटवर्क नसते हा आपला मुद्दा रास्त आहे. गूगल फॉर्म जोडणीशिवाय पाठवता येत नाही, आणि ऑफलाइन ठेवलेल्या शीटमध्ये दोघांनी एकच चौकट बदलली तर एकाचा बदल जातो. बांधावर छापील काटापट्टीच ठेवावी, तिच्यावर अनुक्रमांक असावा, आणि गाडी पॅकहाऊसला आली की तेथे फॉर्मने नोंद करावी. फॉर्मचा लाभ असा की प्रत्येक नोंदीची नवी ओळ होते, तारीख-वेळ आपोआप पडते आणि भरणाऱ्याला दुसऱ्याच्या ओळीपर्यंत पोहोचताच येत नाही. फॉर्मची उत्तरे ज्या पानावर येतात ते पान जसेच्या तसे राहू द्यावे. क्रम लावणे, जोडणे, बेरजा या गोष्टी दुसऱ्या पानावर कराव्यात.

काही बिघडलेच तर आवृत्ती इतिहास आहे, आणि एखाद्या चौकटीवर उजवी कळ दाबून त्या चौकटीचा संपादन इतिहासही पाहता येतो. कोणाला दोष देण्यापूर्वी तो पाहावा. मात्र जुनी आवृत्ती परत आणली की त्यानंतर इतरांनी केलेले चांगले कामही मागे जाते. म्हणून जुनी आवृत्ती उघडून बिघडलेला तेवढाच भाग तिच्यातून उचलावा. महिन्याचा हिशेब बंद करताना आवृत्तीला नाव देण्याची सवय लावावी.

शीटची मर्यादाही सांगायला हवी. एका गूगल शीटमध्ये १ कोटी चौकटी मावतात, आणि त्यांत रिकाम्याही मोजल्या जातात; मोबाइलवर मात्र ती त्याच्या किती तरी आधी जड होते. प्रत्येक हंगामाची फाईल वेगळी करून जुनी केवळ वाचनासाठी ठेवावी. मर्यादा दुर्लक्षिल्याचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात हे इंग्लंडमध्ये २०२० साली दिसले: कोविडच्या नोंदी एक्सेलच्या जुन्या स्वरूपात घेतल्या जात होत्या, त्या स्वरूपात ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते, आणि १५,८४१ बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत. आपल्या कंपनीच्या बाबतीत दुसरी सीमा कायद्याची आहे. शेतकरी उत्पादक कंपनी ही कंपनी कायद्याखालील संस्था असल्याने, संगणकावर हिशेब ठेवत असल्यास प्रत्येक बदलाची नोंद राखणारे लेखा सॉफ्टवेअर वापरणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. तेव्हा कंपनीची हिशेबाची पुस्तके लेखा सॉफ्टवेअरमध्येच राहतील. शीट ही कामकाजाची नोंद आहे आणि चुकाऱ्याचा अंतिम आकडा तिच्यातून लेखापालाकडे जाईल. महागडे सॉफ्टवेअर घेण्याचा विचार त्यानंतर, या पाच पानांवर एक पूर्ण हंगाम निभावल्यावर करावा, कारण तेव्हा विक्रेत्याला काय हवे ते आपल्याला नेमके सांगता येईल.

फाईलची मालकी सध्या एका कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक जीमेलवर आहे असे आपण लिहिले आहे. तो कर्मचारी कितीही भरवशाचा असला तरी संस्थेच्या नावे स्वतंत्र खाते काढून मालकी तिकडे हस्तांतरित करावी, आणि त्या खात्याचा पासवर्ड व पडताळणीचा फोन दोन जबाबदार पदाधिकाऱ्यांकडे असावा. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल हटवू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

सुरुवात करताना जुनी शीट दुरुस्त करीत बसू नये. तिला केवळ वाचनाची मुभा ठेवून बाजूला करावे, एक तारीख ठरवावी आणि त्या तारखेपासूनच्या काटापट्ट्या नव्या पानांवर घ्याव्यात. त्याआधीच्या आठवड्यात ‘शेतकरी’, ‘बाग’ आणि ‘यादी’ ही पाने पूर्ण करावीत. घाईत हे काम अर्धवट सोडले जाते आणि मग ड्रॉपडाउनमध्ये आपले गावच नाही म्हणून लोक पुन्हा व्हॉट्सॲपवर नोंदी पाठवू लागतात. पहिला महिनाभर वही सोबत चालू ठेवावी. दर शनिवारी त्या आठवड्यातील काही काटापट्ट्या कोणत्याही क्रमाने काढून त्यांचे वजन, वहीतील नोंद आणि शीटमधील ओळ अशी तिहेरी ताडणी व्यवस्थापकाने स्वतः करावी, आणि फरक निघाल्यास आकडा दुरुस्त करण्याआधी तो बांधावर पडला, काट्यावर पडला की भरताना पडला ते शोधून त्या ओळीच्या शेऱ्यात लिहावे.